मुक्या गाडीचा लाल डोळा

कुंभार पिंपळगावच्या बाजारात त्या दिवशी कांदे-मिरच्यांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. सगळा बाजार बसथांब्यासमोरच्या मोकळ्या जागेत लोटला होता. लेकरं बापांच्या खांद्यावर आणि बाप भाजीच्या क्रेटवर चढले होते. काय तर म्हणे, बिनपेट्रोलची गाडी आलीय.

ते दोन हजार आठ साल होतं. राज्यभर विजेवरच्या गाड्यांचा प्रचार चालला होता. पेट्रोल वाचवा, धूर टाळा, अशा पाट्या लावलेले टेम्पो गावोगाव फिरत होते. असाच एक टेम्पो जालन्याहून आला होता. त्यातून उतरवलेल्या निळ्या स्कूटरशेजारी धर्मराज नावाचा गळ्यात टाय घातलेला विक्रेता माईक धरून उभा होता.

"मंडळी, कान लावून ऐका! काही ऐकू येतंय का?"

"न्हाई!" गर्दी ओरडली.

"बराबर! कारण गाडी चालू आहे!"

हशा पिकला. धर्मराजने मूठ पिळली आणि गाडी तेलात माखल्यासारखी गुळगुळीत पुढे गेली. ना फटफट, ना धूर. म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घातली.

गाडीच्या मागच्या बाजूला बायका उभ्या होत्या, त्यांत इंद्रायणी होती. ती गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. मधली सुट्टी संपत आली होती तरी तिचा पाय निघत नव्हता. तिची वस्ती शाळेपासून लांब. तिथून यायला कडूबाची काळी-पिवळी जीप हे एकच साधन. ती जीप माणसांनी टपापर्यंत भरल्याशिवाय हलत नसे, आणि इंद्रायणी रोज प्रार्थना संपल्यावर शाळेत पोचत असे. तिची नोकरी अजून कच्ची होती. "बाई, उशिरा येणाऱ्याला संस्था पक्कं करत न्हाई," असं मुख्याध्यापकांनी तिला स्पष्ट सांगून टाकलं होतं. या निळ्या गाडीला लायसनसुद्धा लागत नव्हतं. इंद्रायणीने मनातल्या मनात ती दारात उभी करून पाहिली होती.

तेवढ्यात कडूबाची जीप भोंगा वाजवत गर्दीत घुसली आणि पुढच्या सीटवरून गाडीबाबा उतरले.

गाडीबाबांचा मठ अंबडच्या रस्त्यावरच्या वळणावर होता. नवा ट्रॅक्टर असो की जुनी जीप, तिथे थांबून लिंबू बांधून घेतल्याशिवाय पुढे जायची कुणाची टाप नव्हती. अंगात भगवी लुंगी, डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात रुद्राक्षांबरोबर ओवलेल्या बेअरिंगच्या कड्या. हातात कमंडलू असावा तर तिथे जुन्या ट्रकचा रबरी भोंपू. तो दाबून ते आशीर्वाद द्यायचे.

"पों!" बाबांनी गर्दीला आशीर्वाद दिला. "लेकरांनो, गाडीला आवाज का असतो? इंजनात प्राण असतो म्हणून! आता सांगा, जे बोलत न्हाई, खात न्हाई, पीत न्हाई, धूर सोडत न्हाई अन् तरी चालतं, त्याला काय म्हणत्यात?"

"भूत!" कुणीतरी ओरडलं.

"मी न्हाई म्हणलो हां. तुमीच म्हणले." बाबांनी गॉगल नीट केला. "मुकी गाडी हाय ही. मुक्या गाडीत मुंजा बसतो. आज बाईला घेऊन जाईल, उद्या बाईसकट विहिरीत जाईल. पण माझ्या हुकमापुढं मुंजाचं काय चालतंय?"

त्यांनी झोळीतून लिंबू काढलं, ते काळ्या दोऱ्यात ओवलं आणि गाडीच्या डाव्या मुठीला दोऱ्याचे वेढे देत मंत्र सुरू केला.

"ॐ गिअरं गिअरं, क्लचं बंधय बंधय, फट् स्वाहा! हं, चालव आता."

धर्मराजने मूठ पिळली. गाडी हलली नाही. पुन्हा पिळली. ढिम्म. त्याने खाली उतरून गाडी ढकलली तर चाकं सरळ फिरली. वर बसून मूठ पिळली तर गाडी मेल्यासारखी उभी.

"आगं बया!" बायकांतून एक किंचाळी आली. "मागं लाल दिवा लागला!"

ही किंचाळी इंद्रायणीच्या सासूची, साखराबाईची होती. ती कोंबड्या विकायला बाजारात आली होती. पुढे उभ्या असलेल्या पुरुषांना फक्त लिंबू दिसत होतं. मागे उभ्या बायकांना मात्र गाडीच्या शेपटाशी टिमटिमणारा लाल दिवा दिसत होता.

बाबांना दिवा दिसला नव्हता, पण ते क्षणभरही अडखळले नाहीत. "लाल डोळा! मुंजानं डोळा उघडला! हटा मागं!"

बायका मागे सरकताना एकमेकींच्या पायांवर पडल्या. बाबांनी दोरा सोडला, भोंपू वाजवला, आणि गाडी पुन्हा झुळकन पळाली. कडूबाने "गाडीबाबा की" म्हटलं आणि अर्ध्या बाजाराने "जय" म्हटलं. ज्यांनी सकाळी धर्मराजकडे नावं नोंदवली होती ते गुपचूप येऊन नावं मागे घेऊ लागले. जाताना बाबांनी जाहीर केलं की पुढच्या बाजारी ते या गाडीला कायमचं बांधून टाकणार.

साखराबाईने सुनेचा दंड धरला. "इंद्रे, ऐक. ही गाडी आपल्या दारात आली त्या दिवशी मी मेंढरं हाकीत रानात निघून जाईन. मंग बस तू अन् तुझा मुंजा."

"आत्या, मुंजा-बिंजा काही नसतं."

"मंग गाडी थांबली कशानं?"

इंद्रायणीला उत्तर ठाऊक नव्हतं, आणि हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त झोंबली. शाळेत परतल्यावर सातवीच्या वर्गानेही तेच विचारलं. "मॅडम, मंत्रानं मोटर बंद होती का?"

"नाही."

"मंग कशानं झाली?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. मॅडमना एखादी गोष्ट माहीत नसते हे पोरांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळत होतं. "माहीत नाही म्हणजे बाबांचं खरं, असं मात्र नाही. मी शोधते."

रविवारी ती बसने जालन्याला गेली. मस्तगडच्या गल्लीत धर्मराजचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. ओळीने गाड्या उभ्या होत्या, गिऱ्हाईक नव्हतं, आणि दाराला ताजं लिंबू लटकत होतं.

"हे काय?" इंद्रायणीने लिंबाकडे बोट दाखवलं.

धर्मराज ओशाळला. "मॅडम, सगळी चूक माझीच हाय. अंबडला पहिल्या दिवशी मीच गाडीबाबा महाराजांना बोलावलं होतं. मुहूर्त म्हणून. त्यांनी लिंबू बांधलं अन् गाडी बंद पडली. तिथून जिथं जावं तिथं महाराज हजर."

"मग अंबडला तुम्ही काय केलं?"

"पाया पडलो."

"तुम्ही डिप्लोमा केलाय ना?" तिने भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बघत विचारलं.

"मॅडम, घाबरल्यावर डिप्लोमा कुठं आठवतो?" त्याने कपाळ पुसलं. "घरी आणून गाडी दहादा तपासली. बॅटरी चांगली, मोटर चांगली. दोरा सोडला की चालती. मला तर काही सुचंना."

इंद्रायणीने गाडी चालवून पाहायला मागितली. धर्मराजने तिला मूठ कशी पिळायची ते दाखवलं आणि ती गल्लीतून निघाली. वारा तोंडाला लागला तशी ती मनातून खूश झाली. इतक्यात एका दुकानाच्या फळीवरून शेळी धपकन समोर उडी मारून उभी राहिली. इंद्रायणीने डाव्या हाताने ब्रेक आवळला. घाईत उजवी मूठ तशीच पिळलेली राहिली. गाडी थांबली आणि मोटर ओढायचीही बंद झाली. ब्रेक सोडला तशी गाडी आपसूक पुढे ओढायला लागली.

ती तिथेच उतरली. शेळी तिच्याकडे बघत उभी होती.

"धर्मराजभाऊ, इकडे या," तिने हाक मारली. "मी मूठ पिळलेलीच होती. मग ब्रेक दाबल्यावर मोटर का थांबली?"

"ती सेफ्टी हाय मॅडम. ब्रेकच्या दांडीखाली बारीक बटण असतं. दांडी जरा ओढली की मोटरचा करंट तुटतो. न्हाईतर मोटर पुढं ओढणार अन् ब्रेक मागं धरणार. मोटर जळून जाईल."

"जरा म्हणजे किती?"

"अगदी जरा. चाकाला ब्रेक लागायच्या आधीच करंट तुटतो."

"आणि मागचा लाल दिवा?"

"तो बी त्याच बटणावर. ब्रेक दाबला की..." धर्मराज आधी इंद्रायणीकडे, मग डाव्या मुठीकडे, मग आपल्या दुकानाच्या दारातल्या लिंबाकडे पाहू लागला.

शेजारच्या मिठाईवाल्याकडून त्यांनी डबे बांधायची सुतळी मागून आणली. इंद्रायणीने डावी मूठ आणि ब्रेकची दांडी एकत्र बांधली, दांडी केसभर आत ओढली जाईल इतपत. मूठ पिळली. गाडी ढिम्म. ढकलली. चाकं मोकळी. मागे लाल दिवा लागलेला.

धर्मराज पायरीवर बसला. "अन् मी महिनाभर त्याच्या पाया पडून राह्यलो!"

पुढच्या बाजारी गर्दी दुप्पट होती. गाडी कायमची बांधली जाणार म्हणून शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. बाबांनी दणक्यात लिंबू बांधलं, क्लच-गिअरचा मंत्र म्हटला, गाडी थांबली, लाल डोळा उघडला. जयजयकार ओसरायच्या आत इंद्रायणी पुढे झाली. मागे तिचा सातवीचा वर्ग उभा होता.

"महाराज, गाडी मंत्रानं थांबली की लिंबानं?"

"मंत्रानं! लिंबू निमित्त."

"मग दोरा मुठीला नको, मागच्या सीटला बांधा. मंत्र तोच म्हणा."

बाबा हसले. "बाई, बैलाला वेसण नाकात घालत्यात, शेपटीत न्हाई!"

गर्दी खो खो हसली. तो डाव बाबांनी मारला होता. इंद्रायणीचे कान तापले, पण ती हटली नाही.

"चालेल. नाकातच घालू. पण या वेळी वेसण मी घालते, आणि मंत्र म्हणणार नाही. कुणी लिंबू देता का?"

लिंबू कुणी देईना. बाबांच्या लिंबाशी बरोबरी करायची हिंमत कुणाला व्हावी? जवळच गोजरबाईचं भाजीचं दुकान होतं. सगळ्या बाजारात फाटक्या तोंडाची म्हणून तिची ख्याती होती.

"लिंबू न्हाई बाई," गोजरबाई म्हणाली. "वांगं चालतंय का?"

"चालतंय."

इंद्रायणीने लिंबू सोडलं आणि त्याच दोऱ्याने मुठीला भलंमोठं काटेरी वांगं बांधलं. धर्मराजने मूठ पिळली. गाडी जागच्या जागी. मागच्या बायका ओरडल्या, "लागला, लागला! लाल डोळा लागला!"

मग गोजरबाईने दोन्ही हात जोडले. "वांगेश्वर प्रसन्न!"

बाजार फुटला. पोरं लोळायला लागली. गोजरबाईला चेव चढला. तिने स्वतः दोरा हातात घेतला, वांगं सोडून भेंडी बांधली आणि रोजच्या आवाजात मंत्र म्हटला, "घ्या भेंडी, कवळी भेंडी, घरची भेंडी!" गाडी भेंडीलाही घाबरली.

बाबा भोंपू दाबत होते, पण तो हशात कुणाला ऐकू जात नव्हता. तेव्हा घरोघरी ही गाडी आली तर आपल्या जीपला गिऱ्हाईक कुठलं, या धास्तीने कडूबा जीपच्या बॉनेटवर चढला. "हसता काय येड्यांनो! ही मास्तरीण विद्या शिकलेली हाय! मंत्र न म्हणता गाडी बांधती म्हणजे बाबापेक्षा जबर चेटूक हाय तिच्यापाशी!"

हसू विझलं. चेटूक हा शब्द त्या भागात हसण्यावारी न्यायचा नव्हता. तो शब्द एकदा चिकटला की बाईला गावात पाणी मिळणं मुश्कील. पुढची माणसं एक पाऊल मागे सरकली. इंद्रायणी बटणाचं, करंटचं सांगायला लागली, पण कुणी ऐकून घेईना.

आणि तेव्हा बायकांची फळी बाजूला सारत साखराबाई पुढे आली.

"कुणाला चेटकीण म्हणून राह्यला रे? माझ्या सुनेला?" तिने कडूबाला बॉनेटवरून खाली ओढलं. "आरं, तिच्या हातचं मी रोज दोन टाइम खाते, अन् ह्ये बघ, कशी खणखणीत हाय! चेटूक म्हणतो! दे तो दोरा. मी बांधते. मी शाळेचं तोंड बघितलं न्हाई, मला मंत्र येत न्हाई, अन् या गाडीला तर मी सगळ्यांत जास्त भेते. बघू माझ्यानं थांबती का!"

उभा जन्म तिने कोकरांना दावं बांधलं होतं. दोन वेढे देऊन तिने गाठ मारली. गाडी थांबली. गाठ सोडली, गाडी चालली. पुन्हा बांधली, थांबली. मग तिने दोरा बाजूला टाकला आणि नुसत्या बोटाने दांडी जरा ओढली. धर्मराज मूठ पिळत होता, तरी गाडी थांबली.

साखराबाईने दांडीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आगं, हा तर ब्रेक हाय की!"

धर्मराजने पेचकस काढला. दांडीचं झाकण उघडून त्याने आतलं बटण एकेकाला दाखवलं. तुरीच्या डाळीएवढं होतं ते. दांडी हलली की ते दबतं, मोटरचा करंट तुटतो, मागचा दिवा लागतो. दोरा दांडीला ओढून धरायचा, लिंबू नुसतं दाखवायला. माणसं रांगेने आली, वाकून पाहिलं, बोट लावून पाहिलं. मुंजा पाहायला लांबून आलेल्यांनी डाळीएवढं बटण पाहिलं आणि एकमेकांकडे बघून मान खाली घातली.

बाबा मागल्या मागे सटकत होते. इंद्रायणीने त्यांना गाठलं.

"महाराज, एवढंच सांगा. तुम्हाला हे ठाऊक होतं?"

बाबांनी गॉगल काढला. आत साधे, थकलेले डोळे होते. "बाई, मी कचरू. आधी ट्रकवर क्लीनर होतो. अंबडला पहिल्यांदा गाडी थांबली तव्हा मीच हबकलो. वाटलं, खरंच सिद्धी आली का काय! दुसऱ्या गावी दोरा ढिला बांधला तर गाडी पळाली. मंग कळलं, कसून बांधायचा. का थांबती ते आज कळलं."

"म्हणजे तुम्ही प्रयोग केलात," इंद्रायणी म्हणाली. "सापडलं ते मात्र लपवून ठेवलंत आणि लोकांना भीती विकलीत."

कचरू चालत चालत रस्त्याला लागला. त्याला जीपमधून नेण्याइतका धीर कडूबाला झाला नाही.

इंद्रायणी परत आली तोवर धर्मराजने माईक उचलला होता. त्याला पुन्हा जोर चढला होता. "पाहिलंत मंडळी! ना भूत, ना मुंजा! ना पेट्रोल, ना खर्चा! एकदा घ्या अन् जन्मभर..."

"थांबा," इंद्रायणी म्हणाली. "आता तुमची पाळी."

"माझी?"

"ही बॅटरी जन्मभर टिकते?"

धर्मराजने टाय सैल केला. "म्हणजे... जन्मभर न्हाई. दोन-अडीच वर्षांनी बदलावी लागती."

"चढाला दोघं बसले तर?"

"दमती. उतरावं लागंल कधीकधी."

आता गर्दीला वाट सापडली. "वस्तीवर दिवसभर लोडशेडिंग असतं, मंग चार्ज कव्हा करायची?" "पाऊस पडला तर करंट बसतो का?" "बिघडली तर जालन्याला न्यायची का?" साखराबाईने विचारलं, "मागं बसलेलं माणूस पडत तर न्हाई ना?" धर्मराजला घाम फुटला. बाबांच्या मंत्राला उत्तर देणं सोपं होतं. लोडशेडिंगला उत्तर देणं अवघड होतं. पण त्याने एकेक उत्तर दिलं. जिथं ठाऊक नव्हतं तिथं "ठाऊक न्हाई, विचारून सांगतो" म्हणाला. मागे घेतलेल्या नावांपैकी काही त्या दिवशी परत आली आणि काही आली नाहीत. जी आली ती डोळे उघडे ठेवून आली.

इंद्रायणीने निळी गाडी घेतली. वीज कधी येते ते बघून चार्ज करावी लागे. एकदा बॅटरी उतरून ती गाडी ढकलत घरी आली, त्या दिवशी साखराबाईने गाडीला आणि तिला मिळून मनसोक्त शिव्या दिल्या. पण शाळेच्या प्रार्थनेला ती रोज हजर राहू लागली आणि वर्ष संपताना तिची नोकरी पक्की झाली.

बाजाराच्या त्या दिवशी घरी निघण्याआधी तिने सातवीच्या पोरांना एवढंच सांगितलं होतं, आणि ते तुमच्या-माझ्यासाठीही आहे:

"एखादी गोष्ट कळली नाही तर 'कळली नाही' म्हणा, त्यात लाज नाही. पण लगेच हात जोडू नका. जवळ जा, मागून-पुढून बघा, झाकण उघडा, दुसऱ्याच्या हातून करवून बघा. बाबाला विचारा, दुकानदाराला विचारा, सरकारला विचारा. मलासुद्धा विचारा. जो खरा आहे त्याला प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला राग येतो, त्याच्या हातात काय आहे ते आधी नीट बघा."